चिंता आणि विषण्णता यांची सरमिसळ

हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची झोप उडते, अन्नावरची वासना जाते. हा प्रताप रोगाचा, चिंतेचा की विषण्णतेचा? लीड्स येथील झिग्मंड व स्नेथ या मनोविकारतज्ज्ञांनी १९८३ मध्ये सिद्ध केलेल्या १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीतून झोप आणि भूक मुद्दामच वगळली. ७ प्रश्न चिंतेचे, म्हणजे काही भयंकर ओढवणार या धास्तीचे. ७ विषण्णतेचे, म्हणजे आवडीच्या गोष्टींतला आनंद आटल्याचे. तरीही दोहोंचे गुण पुष्कळदा बरोबरच चढतात. धास्तावलेले मन आनंद तरी कशाचा घेणार? आपण मंदावलो आहोत असे वाटते का, हा प्रश्न मात्र विषण्णतेच्या बाजूस राहिला, आणि तो मला खटकतो. दुबळ्या हृदयाचा रुग्ण त्याला होकारच देईल. तो होकार देहाचा की मनाचा, हे डॉक्टरांना त्याच्या उशाशी बसूनच विचारावे लागते.