समीक्षकाच्या श्रमाचे मोल



बीड जिल्ह्यात श्रमाच्या शोषणाचा विषय निघाला की प्रथम कोयता डोळ्यांसमोर येतो, आणि ते योग्यच आहे. टनावर मजुरी, डोक्यावर उचल, आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा. या रीतीने शरीराचे काय होते, ते २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. जबाबदारीचा प्रश्न आला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

याच जिल्ह्यात, अंबाजोगाई-परळीसारख्या गावांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून चित्रपटांवर लिहिणारी माणसे आहेत. त्यांच्या आरोग्याचा प्रश्न काढला तर अनेकांना हसू येईल. चित्रपट पाहणे हेही का काम? परंतु या कामाचे स्वरूप पाहावे. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि अंकाला मजकूर लगेच हवा असतो. दिवसभर शाळेत किंवा दुकानात राबलेला माणूस स्वतःच्या पैशाने तिकीट काढतो, रात्री उशिरा घरी येऊन लिहायला बसतो आणि सकाळी पुन्हा कामावर जातो. मोबदला लेखामागे, पुष्कळदा तोही नाही. डोळे दुखले, ताप आला, म्हणून लेख चुकला तर पैसा बुडतो, आणि ती जागा दुसऱ्याला जाते. ऊसतोड कामगाराच्या यातना आणि या माणसाचा थकवा एका पारड्यात घालणे अन्यायाचे होईल. पण श्रम नगावर मोजायचे आणि श्रमिकाच्या देहाची जबाबदारी नाकारायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

कायदा नव्हता असे नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांची कामाची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि आजारपणाची रजा दिली. मजिठिया वेतनमंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या आणि कंत्राटी पत्रकारही त्यांत येतात असे २०१७ साली स्पष्ट केले. मात्र या कायद्याचे संरक्षण ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो त्या नात्याने नोकरीत आहे, त्यालाच. ज्याला लेखणीवर पोट भरता येत नाही म्हणून दुसरी नोकरी करावी लागते, तो नेमक्या याच कारणाने कायद्याबाहेर राहिला! २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या, १९५५ चा कायदा रद्द झाला आणि वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र वेतनमंडळाची व्यवस्थाही संपली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट समीक्षकाचा गौरव होतो. कोपऱ्यातल्या समीक्षकाच्या औषधपाण्याची सोय मात्र कोणाच्याच हिशेबात नाही.

हा केवळ त्या माणसाच्या सोयीचा प्रश्न नव्हे. जिल्ह्याच्या गावी लिहिणाऱ्याकडे जाहिराती मिळवण्याचेही काम येते आणि त्यावरच्या दलालीत त्याची मिळकत शोधली जाते. ज्या चित्रपटगृहाची जाहिरात आणायची, तेथील चित्रपट वाईट आहे असे त्याने कोणत्या बळावर लिहावे? थकलेला, मिंधा झालेला समीक्षक निर्मात्याच्या प्रसिद्धिपत्रकातील वाक्ये उतरवू लागतो. पडद्यावर जातीचा माज किंवा स्त्रीची विटंबना गौरवली जात असताना ती ओळखून सांगणारा माणूस अशा रीतीने समाज गमावून बसतो. मतस्वातंत्र्य संविधानात असते हे खरे. परंतु त्याला रोजचे बळ वेळेवर मिळणाऱ्या मोबदल्यातून येते.

मागण्या साध्या आहेत. लेखाचा दर लेखी ठरावा आणि पैसे ठरल्या तारखेला मिळावेत. तिकिटाचा व प्रवासाचा खर्च नियतकालिकाने द्यावा. लिहिणाऱ्यावर जाहिरातींचे काम लादू नये. नियमित लिहिणाऱ्याला, त्याची दुसरी नोकरी असली तरी, आरोग्यविम्याचे संरक्षण मिळावे. पत्रकार संघटनांनी अशा लेखकांना सभासद करून घ्यावे.

यात चळवळीची नियतकालिकेही सुटत नाहीत. बांधिलकीच्या नावाखाली फुकट लेखन घेण्याची सवय त्यांनाही आहे. पैसा खरोखरच नसेल तर तसे आधी सांगावे, मुदत सैल ठेवावी आणि लिहिणाऱ्याच्या नकाराचा मान राखावा. मुकादमाला जाब विचारणाऱ्यांनी आपल्या कचेरीतील हिशेबाची वही उघडून पाहिली, तर या कामाला आजच आरंभ होईल.