तसा रकानाच नाही



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. धुळेकरांनी काल रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली, त्याबद्दल थोडा जास्तच आभारी आहे. सौर कंत्राटदारांचं हे अधिवेशन ज्यांनी सुरू केलं त्यांतले काही आज आपल्यात नाहीत. त्यांना वंदन करून विषयाकडे येतो.

विषय नेमून दिलेला आहे: सौरविजेचा देशातला विस्तार आणि वाढ. तो मी लवकर आटपणार आहे. २०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉट, हे उद्दिष्ट ऐकून आपल्यातलेच काही हसले होते. २०१५ मध्ये त्याचे १ लाख केले. मुदत हुकली, पण २०२५ च्या सुरुवातीला तोही आकडा मागे पडला. मोठी सौर उद्यानं झाली: गुजरातेत चारणका, जोधपूरकडे भडला, तिथे एकाच जागी २,२४५ मेगावॉट. कर्नाटकात पावगडा, जिथे शेतकऱ्याची जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. ही गोष्ट आपल्याकडच्यांनी जरा जवळून बघावी. मध्य प्रदेशात रीवा, तिथली वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. आपल्या जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉट, २०१३ पासून. शेतीच्या फिडरसाठी सौर कृषी वाहिनी, शेतात मागेल त्याला पंप, घराच्या छतासाठी सूर्यघर योजना. झाला विस्तार.

आता गेली २५ वर्षं जे बोलायचं राहिलंय ते बोलतो.

१९९६ साली मी अक्राणीतल्या एका पाड्यावर ४१ घरांत सौर दिवे बसवले. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, सगळं धुळ्यातच. घरटी एक ३७ वॉटची प्लेट, एक बॅटरी, दोन दिवे. सामान शेवटचे दोन कोस डोक्यावरून नेलं. एका म्हातारीने बॅटरीकडे बघून विचारलं, ह्याला प्यायला काय घालायचं? मला हसू आलं, पण प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हटलं, बॅटरीचं बाटलीतलं पाणी मिळतं, पण ते आणायला शहाद्याला जावं लागेल. नाही जमलं तर उघड्यावर पातेलं ठेवून पावसाचं पाणी धर, छपरावरून गळलेलं नको.

तीन वर्षांनी परत गेलो. ४१ पैकी ३ घरांत उजेड होता. म्हातारीचं घर आणि तिच्या दोन मुलांची. बाकी प्लेटा ठणठणीत, बॅटऱ्या मात्र कोरड्या पडून मेलेल्या. एका घरात बॅटरीचा डबा कोंबडीला अंडी घालायला दिला होता.

उतरून थेट संबंधित कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, कारण तिथला माणूस वाईट नव्हता. त्याने रजिस्टर काढलं. ‘बसवले: ४१.’ मी म्हटलं, पुढे लिहा, चालू ३. त्याने पान उलटसुलट केलं आणि म्हणाला, ‘साहेब, तसा रकानाच नाही.’

मंडळी, तो रकाना मला आजही फारसा दिसत नाही. मी सुरुवातीला जो विस्तार सांगितला तो सगळा ‘बसवले’चा आहे. मेगावॉट म्हणजे काय? ऐन उन्हात, स्वच्छ काचेवर जास्तीत जास्त किती निघेल, ते. आपल्या भागात १ मेगावॉटमधून वर्षाला १५ ते १६ लाख युनिट यायला हवेत. आले का? हे कोनशिलेवर लिहिलेलं मी अजून बघितलेलं नाही.

काल दुपारच्या सत्रात साधी मोनो प्लेट बरी की दोन्ही बाजूंनी वीज देणारी बरी, यावर दीड तास गेला. माझा अनुभव सांगतो. शिंदखेड्याकडे एका शेतकऱ्याचा ५ एचपीचा सौर पंप करंगळीएवढं पाणी देत होता. सहा महिने तक्रारी. कंट्रोलर बदलला, केबल बदलली. शेजारी खडी क्रशर. धूळ उडायची, पहाटेच्या दवाने तिचा लेप व्हायचा. मी सकाळी सातला ओलं गोणपाट घेऊन शिडीवर चढलो. दहा वाजता पाइप भरून पाणी पडत होतं. प्लेट कोणत्या जातीची होती, ते मला आठवत नाही.

आणखी एक वाद: खानदेशचं ऊन कडक, म्हणून वीज जास्त. अहो, प्लेटची ताकद मोजतात ती २५ अंशांवर. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट. आपल्या मे महिन्यात काच ६५ अंशांना भाजते, म्हणजे १६ टक्के तिथेच गेले. माझ्या वहीतला चांगला महिना बहुतेक वेळा फेब्रुवारी निघालाय.

दोष मी फक्त सरकारला देत नाही. प्लेटची हमी २५ वर्षांची, शेतपंपाच्या देखभालीची ५ वर्षांची. मधली २० वर्षं कोणाची? सूर्यमित्र प्रशिक्षण घेऊन आलेल्या पोरांना आम्ही कंत्राटदार पैसे देतो ते बसवण्याचे, किलोवॉटवर. पुसायला, नट आवळायला, अर्थिंग तपासायला जाणाऱ्याला पेट्रोलचे सुटत नाहीत. मीही नाही दिले. म्हणून ही पोरं पुढच्या गावाला पळतात, आणि आपण त्याला वाढ म्हणतो.

या वर्षी आपल्या संघटनेने एक वही करावी असं माझ्या मनात आहे. प्रत्येकाने स्वतःच्या जुन्या कामांना परत जाऊन यायचं, चालू किती ते लिहायचं. नमुना कसा, खर्च कोणी करायचा, हे कार्यकारिणी बसून ठरवेल. प्रशिक्षणाचंही काहीतरी करायला हवं.

जेवणानंतर साक्रीला जायला बस आहे. तिथे मेगावॉट किती, हे विचारू नका, फाटकावर लिहिलेलं असेल. पुसायला माणसं किती, ते विचारून या.