सामाईक तक्त्यास कुलूप



दाखल-खारीज नोंदवहीत खाडाखोड करू नये, चूक झालीच तर तांबड्या शाईने दुरुस्ती करून मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घ्यावी, हा दंडक आपणां सर्वांस ठाऊक आहे. गूगल शीट्समधील सामाईक तक्ता भरताना मात्र त्याचा आपणांस विसर पडतो.

एका केंद्रात पोषण आहाराचा तक्ता असाच सर्वांस खुला ठेवलेला होता. पटसंख्या भरली की तांदळाचे वजन सूत्राने आपोआप निघावे, अशी त्यात योजना होती. कोणाच्या तरी हातून एका शाळेच्या सूत्रावर ४.८ हा आकडा लिहिला गेला. त्या दिवशी पहिली ते पाचवीची मुले ४८ होती. प्रत्येकी १०० ग्रॅमप्रमाणे आकडा बरोबरच होता. पुढे मुले ५३ झाली, परंतु आकडा हलला नाही. रोज अर्धा किलो, म्हणजे २० दिवसांत १० किलो तांदूळ कमी मागितला गेला. आणि बोल लागला तो त्या शाळेच्या निरपराध शिक्षिकेस. तक्ता मी तयार केलेला होता. सूत्रे उघडी ठेवण्याची चूकही माझीच.

उपाय सोपा आहे. संगणकावर तक्ता उघडून सूत्रांच्या चौकटी निवडाव्यात. ‘डेटा’ या यादीतील ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ उघडून ‘सेट परमिशन्स’ येथे बदलाचा अधिकार केवळ स्वतःकडे ठेवावा. प्रत्येक शाळेची ओळ त्या त्या शिक्षकाच्या ईमेल पत्त्यावर नेमून देता येते. मात्र शिक्षकाने आपल्या खात्यातूनच तक्ता उघडला पाहिजे. सर्व तक्ता बंद करून भरावयाच्या चौकटी तेवढ्या मोकळ्या ठेवणेही शक्य आहे. बदलापूर्वी केवळ इशारा दाखविण्याची सोयही आहे. परंतु घाईत इशारा वाचतो कोण?

दोन गोष्टी ध्यानी असाव्यात. बंद केलेली चौकट वाचता येते व तिची नक्कलही करता येते. म्हणून मुलांची खाजगी माहिती अशा तक्त्यात ठेवू नये. दुसरे असे की, ‘फाइल’ यादीतील ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये तक्त्याची पूर्वीची रूपे मिळतात व ती परत आणता येतात. चौकटीवर उजवी कळ दाबून ‘शो एडिट हिस्टरी’ निवडल्यास बदल कोणी केला तेही बहुधा कळते. हे मी आधी पाहिले असते, तर त्या भगिनीची नाहक मानहानी टळली असती.

तरी पुढील तक्ता पाठविण्यापूर्वी प्रत्येकाने आपली सूत्रे बंद आहेत ना, हे अवश्य पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.