दिंडीची वही आणि अभ्यासकांचे प्रश्न

(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



धर्माचा अभ्यास करणाऱ्या संस्था आणि आपली वारी, या विषयावर बोलायला आम्हांला सांगितलं आहे. आम्ही काही पंडित नाही. टाळ वाजवता वाजवता जे कानी आलं, थोडंफार वाचलं, तेवढंच सांगतो.

अभ्यास म्हटला की लोक पुण्या-मुंबईकडे बोट दाखवतात. पण आपल्या शेजारी, अमळनेरला, श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. खानदेशातल्या कापड गिरणीचा पैसा, आणि त्यावर वेदान्ताचा अभ्यास! लांबलांबचे विद्वान तिथे येऊन राहिले, तिथून इंग्रजी त्रैमासिक निघालं. आणि त्याच गावात, बोरी नदीकाठी, सखाराम महाराजांचं संस्थान आणि वैशाखातली यात्रा.

या तत्त्वज्ञान मंदिरात साने गुरुजी अभ्यासाला आले आणि पुढे प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. ते तिथे काय वाचत होते ते आम्हांला समजायचं नाही. पण १९४७ सालच्या मे महिन्यात, १ तारखेपासून १० तारखेपर्यंत, हेच गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावं एवढंच त्यांचं मागणं. माउली, चोखोबांचे अभंग आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो, आणि त्यांची समाधी मात्र महाद्वारासमोर, बाहेर. हे आपल्याला रोज दिसत होतं. दिसून काय उपयोग!

दुसरी गोष्ट डेक्कन कॉलेजातल्या इरावतीबाई कर्व्यांची. माणसांचा, जातींचा अभ्यास हेच त्यांचं काम. त्या दिंडीबरोबर पायी चालल्या आणि ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला. पुढे १९६२ साली तो इंग्रजीतही छापून आला. ज्या मुलुखाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सुचली. ही व्याख्या आपण कौतुकाने सांगतो. त्याच लेखातलं दुसरं सांगत नाही. एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे बाईंना सलत राहिलं होतं.

आता घरचं सांगतो. शताब्दीच्या निमित्ताने दोन वर्षांपूर्वी एक संशोधक मुलगी आपल्याकडे आली. विद्यापीठात धर्म आणि समाज या विषयावर तिचं काम चालू. तिने दिंडीची जुनी वही मागितली. आम्ही मोठ्या हौसेने काढून दिली. १९३७ सालच्या पानावर ती थांबली. वर वारकऱ्यांची नावं, गावासकट. खाली हिशेबात लिहिलेलं : ‘गाडी एक, बैल दोन, पाण्याचे गडी चार.’ तिने विचारलं, “काका, हे चौघे पंढरपूरपर्यंत चालले ना? मग वारकऱ्यांत का नाहीत?”

आम्हांला उत्तर आलं नाही. चौघेही भिल्ल. दिंडीला पाणी त्यांनी आणायचं, पण मुक्कामाला त्यांची चूल वेगळी. ज्या दशकात आम्ही हे लिहीत होतो, त्याच दशकात आपल्याच जिल्ह्यात, तळोद्याकडे मोरवडला, गुलाम महाराज आदिवासी बांधवांना सांगत होते की दारू सोडा, आरती करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. तिकडे ‘आप’ आणि इकडे ‘गडी’.

ते पान या ग्रंथात छापायचं की नाही, यावरून समितीत मोठा वाद झाला. शताब्दीला कशाला हा बट्टा, असं म्हणणारे होते. खोटं कशाला बोलू, आमच्यातलेही काही त्यांच्या बाजूला होते. मग एके दिवशी पंचाऐंशीच्या घरातली एक आजी काठी टेकत मंदिरात आली. तिला वहीची बातमी नातवाकडून कळलेली. पायरीवर बसली आणि म्हणाली, “मन्हा बापनं नाव कोठे शे?”

वाद तिथेच मिटला. आजीने बापाचं नाव सांगितलं, त्याच्या जोडीदाराचंही सांगितलं. दोन्ही नावं वारकऱ्यांच्या यादीत लिहिली, आणि आज पहाटेच्या काकड्यात सगळ्यांसमोर वाचली. जुनी ओळ खोडलेली नाही. ती आहे तशीच या ग्रंथात छापली आहे, आणि वहीची नक्कल त्या मुलीकडे अभ्यासाला दिली आहे. तिला त्यातून अजून काय सापडेल याची आम्हांला थोडी धास्ती आहेच.

बाकी दोघांची नावं अजून मिळालेली नाहीत. सातपुड्याकडच्या पाड्यांवरून आज बरीच मंडळी आली आहेत. कुणाच्या घरी आज्या-पणज्याची काही आठवण निघत असेल तर पंगत उठल्यावर सांगा. वही तुळशीवृंदावनाशेजारी ठेवली आहे, आणि लिहिणारा मुलगा संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत तिथेच बसलेला आहे.