मेस्त्रींच्या घरातला कॅमेरा

कोल्हापुरातलं मेस्त्रींचं घर म्हणजे पिढीजात कारागिरांचं. 1890 मध्ये जन्मलेले बाबूराव याच घरात हत्यारं हाताळत वाढले. पुढं चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर असं उतरायचं की लोक त्यांना ‘पेंटर’च म्हणू लागले. आडनाव मागं पडलं ते कायमचंच.

मग सिनेमा आला आणि या दोघांना हलणाऱ्या चित्राचा ध्यास लागला. आपणच कॅमेरा बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. शिष्य विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं त्यांनी कॅमेरा पुरा केला. चित्रकाराला हे कसं जमलं? मला वाटतं, लाकूड आणि धातू वळवणारा मेस्त्रींचा हात इथंच कामी आला.

गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ झळकला. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात बाबूरावांनी स्त्रियांनाच पडद्यावर आणलं, हे धाडस मला कॅमेऱ्याइतकंच मोलाचं वाटतं. सिनेमाची पोस्टरंही ते स्वतः रंगवत.

त्यांच्याच हाताखाली दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे चित्रपटकार घडले. पुढं 1929 मध्ये याच शिष्यांनी कोल्हापुरातच भागीदारीत ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू केली.