मांडीची आग आणि कमरेचा पट्टा



मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे वाटते. आणि हात लावून पाहावा तर तेवढीच कातडी बधिर लागते. अशी तक्रार करणाऱ्याला आपल्याकडे बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, वात आहे, तेल चोळा. दुसरे, मणका सरकला आहे, जपून राहा. पहिल्याने गुण येत नाही आणि दुसऱ्याने पाय जाण्याची धास्ती बसते.

आयुर्वेदात गृध्रसी नावाचा विकार सांगितला आहे. त्याची कळ कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पावलापर्यंत उतरते. आजची व्यथा निराळी. ती गुडघ्याखाली जात नाही. कमरेच्या दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांपाशी उगम पावणारी एक बारीक नस कमरेच्या पुढल्या हाडाच्या टोकाजवळ, जांघेतील घट्ट बंधाखालून मांडीत उतरते. त्या अरुंद वाटेत ती चेपली, की हे दुखणे सुरू होते. कातडीची संवेदना पोहोचविणे एवढेच तिचे काम. स्नायूंशी तिचा संबंध नाही. म्हणून या दुखण्याने पाय लुळा पडत नाही. रुग्णास एवढे कळले तरी त्याचा निम्मा भार उतरतो.

१८९५ साली जर्मनीतील बर्नहार्ट व रशियातील रोट यांनी या विकाराचे वर्णन केले. रोट यांनी त्यास ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत मेरोस म्हणजे मांडी व आल्गोस म्हणजे वेदना. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांना स्वतःलाच ही व्याधी होती, आणि त्याच वर्षी त्यांनी तिच्यावर लिहिले.

नस चेपते कशाने? करकचून आवळलेला पट्टा, तंग विजार, परकराची घट्ट नाडी, सुटलेले पोट, गर्भारपण, तासन् तास उभे राहणे ही नेहमीची कारणे. मधुमेहींत हा विकार अधिक आढळतो. सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफा, असा ज्यांचा नेम आहे त्या इंदूरकरांनी पोटाचा घेर व रक्तातील साखर दोन्ही तपासून घ्यावी.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. पट्टा सैल करावा, वजन उतरवावे, फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या आम्हां शिक्षकांनी मधून मधून बसावे. बहुतेकांना काही आठवड्यांत वा महिन्यांत उतार पडतो. न पडल्यास डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन यांसारखी नसांच्या वेदनेवरील औषधे देतात. ती आपल्या मनाने घेऊ नयेत, अथवा एकाएकी सोडू नयेत. तरीही दुखणे हटून बसले, तर नसेजवळ इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया अगदी शेवटी. तीत नस मोकळी करतात किंवा कापतात, आणि कापल्यास ती जागा कायमची बधिर राहते.

दोन इशारे मात्र ध्यानात ठेवावेत. बधिर कातडीवर तापलेली वीट वा गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. भाजले तरी कळत नाही. आणि पायातील शक्ती कमी झाली, लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर ते हे दुखणे नव्हे. अशा वेळी त्याच दिवशी महाराजा यशवंतराव रुग्णालयासारखे मोठे रुग्णालय गाठावे.

एरवी तेलाच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी तो एकदा कमरेच्या पट्ट्याकडे जावा, एवढेच सांगणे.