जुनं जहाज, रोजची निगा



मुंबई बंदरात 'कॉर्डेलिया एम्प्रेस' हे पर्यटन जहाज तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.
ते फ्रान्समध्ये बांधलेलं आहे.
१९९० साली ते पहिल्यांदा प्रवासाला निघालं.

इतकी जुनी जहाजं टिकतात कशी?
उत्तर एकच... नियमित निगा.

जहाजाचा मोठा शत्रू म्हणजे खारं पाणी.
त्यानं पोलाद गंजतं.
म्हणून खलाशी प्रवासातही गंज खरवडतात...
आणि तिथं पुन्हा रंग देतात.

पाण्याखालच्या भागावर जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात.
खारं पाणी आधी जस्ताला खातं...
आणि पोलाद वाचतं.
झिजलेले ठोकळे मग बदलतात.

जहाजाच्या तळाला शेवाळ चिकटतं.
कवचाचे बारीक जीवही चिकटतात.
मग जहाजाचा वेग मंदावतो...
आणि इंधन जास्त लागतं.

म्हणून जुनं प्रवासी जहाज साधारणपणे पाच वर्षांत दोनदा सुक्या गोदीत घेतात.
तिथं तळ धुतात, रंगवतात.
पोलादी पत्रा किती झिजला, तेही मोजतात.
पातळ झालेला पत्रा कापून नवा जोडतात.

तेव्हा श्रोतेहो, जहाज जुनं आहे म्हणून बिचकू नका.
त्याची निगा राखली जाते का, हे विचारा.
जहाजाच्या वयापेक्षा त्याची निगा महत्त्वाची!